शुद्ध केलेल्या एकतीस कविता

लोणारच्या रंगराव नागरे गुरुजींनी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं. या छत्तीस वर्षांत त्यांनी कुण्या पोरावर हात उगारला नाही की कुणाला तोंडानं वेडंवाकडं बोलले नाहीत. पोरं घाबरायची ती त्यांच्या लाल पेनाला. वहीत कुणी 'पानी' लिहिलं, की गुरुजी त्या 'न'भोवती एक गोल काढायचे आणि शेजारी सुबक 'ण' काढून द्यायचे. एकेका वहीत असे तीस-चाळीस गोल. पोरगं वही घेऊन जागेवर जायचं तेव्हा त्याला आपण काय लिहिलं होतं त्यापेक्षा ते गोलच जास्त दिसायचे.

गुरुजींना हे वळण लागलं ते पुण्यात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका प्रशिक्षणाला गेले होते. तेवीस वर्षांचं वय. मोठ्या धीरानं उभे राहून म्हणाले, "सर, मले एक शंका हाय." अख्खा हॉल हसला. व्याख्याते सरही हसले, म्हणाले, "पुन्हा म्हणा हो, ऐकायला गोड वाटतं." शंका बाजूलाच राहिली. ते 'गोड' गुरुजींच्या मनात जे रुतलं ते निघालं नाही. परत आल्यावर त्यांनी स्वतःची जीभ घासायला घेतली, आणि दोन-तीन वर्षांत अशी स्वच्छ केली की नवखा माणूस त्यांना विचारायचा, "गुरुजी, तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न त्यांना फार आवडायचा.

बायको गीताबाई पिंपळगाव राजाच्या. लग्न झालं तेव्हा भारी बोलक्या. ताटावर बसल्या बसल्या गुरुजी म्हणायचे, "मले नाही, मला म्हण. काऊन नाही, का." आधी त्या हसून सोडून द्यायच्या. मग बोलण्याआधी जरा थांबू लागल्या. पुढे पुढे, गुरुजी घरात असले की हो-नाहीपुरतंच बोलायच्या. शेजारणीशी मात्र भिंतीपलीकडून तास तास गप्पा चालायच्या आणि गुरुजींची सायकल वाजली की आवाज खाली यायचा. गुरुजींना वाटायचं, हिचा स्वभावच अबोल. त्यांच्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधी गीताबाई काविळीनं गेल्या. एकुलता मुलगा गणेश पुण्यात नोकरीला. घरात गुरुजी एकटे उरले.

लॉकडाऊनमध्ये मेहकरच्या संजीवनीताईंनी व्हॉट्सॲपवर 'अक्षरसरोवर' नावाचा कवितांचा समूह काढला. त्या एका पतसंस्थेत नोकरी करायच्या आणि स्वतः चारोळ्या लिहायच्या. सकाळी सातला विषय द्यायचा, संध्याकाळी सातपर्यंत कविता, दुसऱ्या दिवशी निकाल. सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, उत्तेजनार्थ; प्रत्येकाला नाव आणि फोटो टाकलेलं रंगीत प्रमाणपत्र. परीक्षक म्हणून त्यांनी नागरे गुरुजींना गळ घातली आणि गुरुजींच्या दिवसाला पुन्हा घंटा आली.

ते काम त्यांनी जीव लावून केलं. रोज वीस-पंचवीस कविता यायच्या. कंडक्टर, दुकानदार, अंगणवाडीताया, कॉलेजची पोरं, कोण कोण लिहायचं. गुरुजी प्रत्येकाला चार ओळींचा अभिप्राय द्यायचे. 'कल्पना उत्तम, दुसऱ्या कडव्यात यमक सैल.' 'लिहीत राहा, तुमच्यात बीज आहे.' ज्याला घरात कुणी विचारत नाही, त्यालाही गुरुजी नावानिशी 'छान' म्हणायचे. लोक जपून ठेवायचे ते अभिप्राय. समूहाचे नियमही गुरुजींनीच करून दिले: कविता प्रमाण मराठीत असावी, टंकलिखित असावी, ऑडिओ टाकू नये.

या ऑडिओच्या नियमामुळेच सिंधूताई अंभोरे त्यांच्या वाट्याला आल्या.

सिंधूताई लोणारजवळच्या बीबी गावच्या. बासष्ट वर्षांच्या, गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, वाचायला यायचं, बोट ठेवून. मुलगा ट्रॅक्टर उलटून गेला, सूनही माहेरी निघून गेली. घरात त्या आणि नात पायल, अकरावीला. पायल समूहात होती. समूहाच्या चौथ्या वर्षी एक दिवस तिनं गुरुजींना वेगळा मेसेज केला. 'जय भीम गुरुजी. माझी आजी कविता करते, पण तोंडीच. मी तिचा आवाज तुम्हाला पाठवू का?'

गुरुजींनी लिहिलं, 'नमस्कार. पाठवा.'

आवाज आला. मागं भांडी वाजत होती, कुठंतरी बकरी ओरडत होती आणि एक घोगरा, सावकाश बाईचा आवाज गाण्याच्या आणि बोलण्याच्या मधल्या चालीत म्हणत होता:

धुरानं इचारलं, बाई, तू काऊन रडतं?
म्या म्हनलं, बाबा, तूच त डोयात पडतं.
धूर म्हने, मी त रोजच येतो,
आजच काऊन मंग पदर ओला होतो?

गुरुजींनी ते तीनदा ऐकलं. आत काहीतरी हललं, हे खरं. पण हललेल्या जागी त्यांचा हात आपसूक लाल पेनाकडं गेला. त्यांनी कागद घेतला, मात्रा मोजल्या आणि तासाभरात कविता तयार केली:

सखे, तुझ्या नयनी का अश्रू, धूम्र मला पुसतो,
वदले मी, तूच सख्या रे, लोचनी या वसतो.
नित्य तुझी ही भेट तरीही आजच का पाणी?
ओल्या पदरामध्ये दडली कुठली कहाणी?

खाली लिहिलं, 'सौ. सिंधूताई अंभोरे, बीबी'. सिंधूताईंचा नवरा केव्हाच वारला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी कवितेला 'सर्वोत्कृष्ट' दिलं. समूहात फुलांच्या गुच्छांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. 'वा ताई! काय शब्दकळा!' पायलनं कळवलं की आजीनं प्रमाणपत्र चारदा पाहिलं आणि शेजारच्या बाईला नेऊन दाखवलं.

मग दर आठवड्याला एखादा तरी आवाज येऊ लागला. खिचडीच्या रांगेतलं पोर, सोयाबीन सोंगताना बोटांत घुसणाऱ्या शेंगा, पोटुशी असताना वाहिलेलं पाणी. एक कविता मुलावरची होती:

ज्या वाटनं गेला लेक, तिथलं गवत नाई कापलं,
त्याचं पाऊल म्या तिथंच, हिरव्याखाली झाकलं.

यात गुरुजींना दोन मात्रा कमी पडल्या. त्यांनी सुरुवातीला 'देवा' घातला. 'देवा, नेलास कसा रे माझा बाळ लडिवाळ.' गवत गेलं. पाऊलही गेलं. त्या घरात भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, बाईच्या तोंडी देव कधी आलेला नाही, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. वृत्त नीट बसलं, एवढंच त्यांनी पाहिलं.

एकदा फक्त सिंधूताईंनी विचारलं. कवितेनंतर आवाजातच पुढं म्हणाल्या: "गुरुजी, येक इचारू? हे तुमी लेयता ते चांगलंच असन. पन ते माहंच हाय ना?"

गुरुजींनी उत्तर लिहिलं, 'भाव तुमचा, भाषा माझी.' हे वाक्य त्यांना इतकं जमल्यासारखं वाटलं की त्यांनी ते डायरीतही उतरवलं.

पलीकडून एका शब्दाचा आवाज आला. "बरं."

आठ महिन्यांत अशा एकतीस कविता झाल्या. गुरुजींचा फोन साधा, जागा कमी. रोजचे सुप्रभातचे फोटो, निकाल, प्रमाणपत्रं यांनी तो भरून जायचा. दर रविवारी गुरुजी चहा घेता घेता फोन मोकळा करायचे. लिहून झालेल्या कवितांचे आवाज आधी पुसायचे. काम झालेलं असायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर 'अक्षरसरोवर'चं स्नेहसंमेलन लोणारला एका मंगल कार्यालयात झालं. ऐंशीएक लोक आले. चार वर्षं फोनवर वाहवा केलेली माणसं एकमेकांना पहिल्यांदा दिसत होती, गळ्यात पडत होती. सिंधूताई पायलसोबत बसनं आल्या. निळं इस्तरीचं लुगडं, हातात घडी घातलेला कागद. गुरुजींच्या पायाशी वाकायला लागल्या तेव्हा गुरुजी मागं सरले. "ताई, आपण कवयित्री आहात," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

नाव पुकारल्यावर त्या स्टेजवर गेल्या. माईकसमोर कागद धरला. 'सखे, तुझ्या नयनी' इथवर बोट फिरलं, 'धूम्र'पाशी अडलं. पुन्हा वाचलं, पुन्हा अडलं. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. सिंधूताईंनी कागद खाली केला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "धुरानं इचारलं, बाई..."

मागच्या खुर्च्यांवरची कॉलेजची दोन पोरं हसली. फार मोठ्यानं नाही. पण गुरुजींच्या कानात तो चाळीस वर्षांपूर्वीचा हॉल घुमला. या बाईला कुणी हसू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं, निदान पुढं कितीतरी दिवस ते स्वतःला हेच सांगत राहिले. पहिल्या रांगेतून ते हळूच म्हणाले, "ताई, कागदावरचं वाचा."

सिंधूताईंनी डोळे उघडले. गुरुजींकडं पाहिलं. रागानं नाही, शाळेत चुकलेलं पोर पाहतं तसं. कागद वर केला आणि एकेक अक्षर लावत चारही ओळी वाचल्या. टाळ्या झाल्या. शाल दिली. जेवणाला न थांबता त्या दोनच्या बसनं परत गेल्या.

त्यानंतर आवाज आला नाही.

गुरुजींनी पंधरा दिवस वाट पाहिली. मग पायलच्या नंबरावर लिहिलं, 'ताई, नवीन काही?' दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. महिन्यानं लिहिलं, 'लिहीत राहा. आपल्यात बीज आहे.' पुन्हा निळ्या खुणा. थंडीचे दिवस, शाळेचं काम, त्यांनी मनाची समजूत काढली. समूहात रोज वीस-पंचवीस कविता येतच होत्या.

फेब्रुवारीत पायलचा फोन आला. मेसेज नव्हे, फोन.

"गुरुजी, आजीले लकवा मारला. उजवी बाजू गेली. जालन्याले नेलं होतं, आता घरी आनलं. बोलता येत नाई तिले."

"अरेरे. कधी?"

"वीस दिवस झाले. गुरुजी, थितल्या वाचा शिकवनाऱ्या बाई म्हनल्या का तिचं सोताचं गानं, सोताचा आवाज तिले ऐकवा. कधीकधी त्यानं जीभ वळते. माहा जुना फोन टाक्यात पडला, त्यातलं सारं गेलं. तुमच्यापाशी त सारेच असतीन ना? येकतीस?"

"बघतो," ते म्हणाले. "शोधून पाठवतो."

शोधण्यासारखं काही नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी शोधलं. पायलच्या नंबरावरच्या मेसेजांत वर वर जात राहिले. जिथं आवाज होते तिथं काहीच नव्हतं; मधून मधून त्यांचीच वाक्यं होती. 'उत्तम.' 'मिळाली.' 'भाव तुमचा, भाषा माझी.' बाजारातल्या मोबाईलवाल्याकडं गेले. त्यानं फोन तास-दीड तास ठेवून घेतला आणि परत देताना मान हलवली. संजीवनीताईंना विचारलं, समूहात कुणाकडं ऑडिओ असेल का? त्या म्हणाल्या, "कसा असेल गुरुजी? ऑडिओ टाकू नये हा नियम तुमचाच ना." त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. म्हणूनच जास्त लागलं.

पायलला मात्र त्यांनी चार दिवस काहीच कळवलं नाही. तिचे दोन फोन आले, ते घेतले नाहीत. छत्तीस वर्षांत शाळेला कधी दांडी न मारलेला माणूस वाजत्या फोनकडं पाहत बसायचा.

मग त्यांनी एक वेगळंच काम काढलं. नवी वही आणली आणि एकतीस शुद्ध कवितांवरून मूळच्या ओळी उलट लिहायला बसले. 'नयनी'च्या जागी 'डोयात'. 'वदले मी'च्या जागी 'म्या म्हनलं'. एवढं जमलं. पण पुढं हात अडू लागला. ती 'मंग' कुठं म्हणाली होती? 'त' कुठं होता? 'गवत' त्यांना आठवलं आणि ते दचकलेच, पण गवताचं ती काय म्हणाली ते काही केल्या आठवेना. ज्या बोलीत ते तेवीस वर्षं वाढले, ती त्यांच्या हातात परक्या माणसाच्या चपलेसारखी यायला लागली. चालता येत होतं, पण पाऊल आपलं नव्हतं. आठ दिवस ते लोणारच्या बसस्टँडवरच्या बाकावर जाऊन बसले. बाजाराला आलेल्या बाया बोलायच्या, गुरुजी ऐकायचे. एक बाई पोरीला म्हणत होती, "काऊन व माय, मले सोडून चालली का?" साधंच वाक्य. गुरुजींना गीताबाईंचा आवाज आठवेल असं वाटलं. त्यांनी खूप ताण दिला. शब्द आठवले, आवाज आला नाही. गीताबाई घरात बोलल्याच किती होत्या.

शेवटी वही घेऊन ते बीबीच्या बसमध्ये बसले.

टिनाचं घर, पण स्वच्छ सारवलेलं. सिंधूताई खाटेवर भिंतीला टेकून होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. डोळे मात्र पुरते जागे. गुरुजींना पाहून डाव्या हातानं त्यांनी पदर डोक्यावर घ्यायचा प्रयत्न केला. पायलनं तो नीट केला.

"आनले गुरुजी?" पायलनं विचारलं.

गुरुजींनी वही उघडली. "आवाज नाहीत. पण मी लिहून आणलंय, ताईंच्या बोलण्यात. ऐका." आणि वाचू लागले. "धुरानं विचा... इचारलं, बाई, तू काऊन रडतं. म्या म्हनलं, बाबा, तूच त डोयात पडतं. धूर म्हने, मी रोजच येतो..." ते थांबले. चौथ्या ओळीच्या जागी वहीत पाच वेगवेगळ्या ओळी होत्या, चारांवर काट. पाचवी त्यांनी वाचली. "मंग आज पदर कसा भिजतो."

सिंधूताईंच्या डोळ्यांत काही हललं नाही.

"आजी असं नव्हती म्हनत," पायल म्हणाली.

"काय म्हणत होती?"

"मले पाठ नाई. मी फोन धरून उभी राहायची." ती वहीकडं पाहत राहिली. "पन असं नाई. आवाज कुठं हाय गुरुजी?"

"मी पुसून टाकले."

"सारे?"

"सारे. दर रविवारी."

पायलनं आजीचा पडलेला हात उचलून नीट ठेवला. मग म्हणाली, "तुमी तिच्या कवितेत देव टाकला होता. माह्या बाबावरच्या. मी तिले वाचून दाखवली तवा ती म्हनली, मास्तरले माहीत असन, राहू दे. येकतीस दिल्या होत्या तिनं तुमाले. मले बी अशा मुद्दाम नाई सांगितल्या कधी, तुमालेच सांगितल्या."

गुरुजी खाटेजवळ सरकले. "ताई," ते म्हणाले, "मले माफ करा." 'मले' हा शब्द चाळीस वर्षांनी तोंडातून निघाला आणि त्यांना स्वतःलाच नाटकातल्यासारखा वाटला.

सिंधूताईंनी डावा हात उचलला. माफ केलं म्हणून, की जा म्हणून, की पाणी हवं होतं म्हणून, ते कळलं नाही. पायलनं पाण्याचा गिलास ओठांना लावला. अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं. ती म्हणाली, "चहा ठेवते," आणि चहा ठेवला. गुरुजींनी तो घेतला. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर ते दर मंगळवारी जात राहिले. कधी फळं न्यायचे, कधी औषध. वही पुन्हा नेली नाही. त्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेले व्यायाम पायल करून घ्यायची: आ, ऊ, मा. सिंधूताईंच्या तोंडून फक्त 'हाव', म्हणजे हो, येऊ लागलं, भूक लागली का याला हाव, दुखतं का यालाही हाव. गुरुजी एकदा म्हणाले, "ताई, एखादी ओळ आठवते का?" त्या म्हणाल्या, "हाव." आणि बराच वेळ ओठ हलवत राहिल्या. आत काहीतरी चाललं होतं, चाल धरून. बाहेर फक्त श्वास येत होता. गुरुजी कान लावून बसले. काही हाती लागलं नाही.

जूनमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात, सिंधूताई गेल्या. गुरुजी मातीला गेले, मागं उभे राहिले. बुद्धवंदना म्हणताना बाया रडत होत्या. शाळेतली चार-पाच पोरंही आली होती, नव्या वर्षाच्या दप्तरासकट.

संध्याकाळी संजीवनीताईंनी समूहात बातमी टाकली. संमेलनातला शालीचा फोटो, भोवती फुलांची चौकट आणि खाली 'सखे, तुझ्या नयनी का अश्रू'. तासाभरात शंभराच्या वर श्रद्धांजल्या आल्या. 'शब्दरूपानं अमर.' 'काय भाषाप्रभुत्व!' एकानं ती कविता चालीत म्हणून तिचा ऑडिओ टाकला आणि त्या दिवशी कुणी नियम काढला नाही.

गुरुजींनी लिहिलं, 'ही कविता सिंधूताईंची नाही. ती मी बिघडवलेली आहे. कृपया काढावी.' त्याखाली कुणीतरी हात जोडले, कुणीतरी लिहिलं, 'गुरुजींचा विनय.' मग खाली आणखी श्रद्धांजल्या येत गेल्या आणि तो मेसेज दिसेनासा झाला. गुरुजींनी पुन्हा तेच लिहिलं. संजीवनीताईंचा खाजगीत मेसेज आला: 'गुरुजी, तुम्ही थकलात. चार दिवस विश्रांती घ्या. परीक्षण दुसऱ्या कुणाकडून करून घेते.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नेहमीप्रमाणे विषय आला. गुरुजी समूहातून बाहेर पडले.

पायलला बुलढाण्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. टिनाच्या घराला कुलूप लागलं. ऑगस्टमध्ये एक दिवस तिचा फोन आला, गुरुजींनी पहिल्याच रिंगला उचलला.

"गुरुजी, तुमी नाई दिसत समूहात."

"सोडला."

"मीबी सोडला," ती म्हणाली. "थितं सारे आजीले लई मोठी म्हनतात. पन ते कोन्या दुसऱ्याच बाईले म्हनून राह्यले असं वाटते मले."

तिच्याकडून गाड्यांचे आवाज येत होते, कुणी फलाट क्रमांक पुकारत होतं. दोघंही तसेच फोन कानाला लावून उभे होते. मग पायल म्हणाली, "बस लागली, ठेवते," आणि फोन ठेवला.